बाजाराची मागची वाट

जसं शहर तसं शरीर, आणि जसं शरीर तसं मन; ज्याला निरोगी माणसं हवीत त्याने आधी शहर निरोगी करावं. विचार चांगला आहे आणि मला मान्य आहे. आमच्या शहरात चालण्यासाठी गोल ट्रॅक बांधून झाला तेव्हा उद्घाटनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी तो मांडला. लोकांना कळला नसेल अशा शंकेने पुन्हा एकदा मांडला. मग फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि नाश्ता ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला होता म्हणून पाहुणे तिथपर्यंत गाडीत बसून गेले.

माझे वडील पहिल्या रांगेत होते. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांना खास बोलावून नारळ दिला होता. ते ऐंशीच्या पुढचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यामुळे गावाचे गुरुजी आणि माझे बाबा. गाडी नाश्त्यापाशी थांबेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "चल गो, घराक जावया." मी रिक्षा बोलावली. त्याआधी चार महिने, डॉक्टरकडे जाणं सोडलं तर, ते घराबाहेर पडले नव्हते. त्या दिवशीही ते एकूण चालले ते खुर्चीपासून रिक्षापर्यंत.

हे चार महिने कसे आले ते सांगते.

मी पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली. निवृत्त झाले आणि बाबांजवळ राहायला आले. आईला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. लायब्ररीत नगररचनेच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. ती पुस्तकं कुणी घरी नेत नसे, त्यामुळे ती कायम जागेवर सापडत आणि मी वाचत असे. चालत पोचता येईल असा बाजार हवा, वाटेत ओळखीची माणसं भेटायला हवीत, बसायला सावली हवी, म्हणजे रक्तदाब आणि उदासी दोन्ही आटोक्यात राहतात, असं देशोदेशींच्या विद्वानांनी त्यांत सविस्तर लिहिलेलं असे. घरी आल्यावर बघितलं तर बाबा ते सगळं रोज सकाळी एक कापडी पिशवी घेऊन करत होते, आणि त्याला मासे आणायला जाणं म्हणत होते.

आमच्या घरापासून मासळी बाजाराला जायच्या वाटा दोन. पुढची डांबरी रस्त्याने, मागची लोकांच्या खळ्यांतून. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. ते मालकाचं असतं, पण त्यातून जायला आमच्याकडे कुणी कुणाची परवानगी मागत नाही. मागच्या वाटेवर आधी शिंप्याचं खळं लागायचं. मग चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, बसवलेल्या दोन पायऱ्या चढून पलीकडे उतरलं की शेजाऱ्याचे माड, त्यांच्यापुढे एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचं खळं, मग व्हाळीवर, म्हणजे ओढ्यावर, टाकलेली दगडाची लादी, बेकरीची मागची बाजू, आणि बाजार. तरण्या माणसाला दहा मिनिटं. बाबांना जाऊन-येऊन दोन तास लागत. शिंप्याला ते पेपरातली ठळक बातमी सांगत आणि ती खोटी का आहे तेही सांगत. म्हातारीचं विजेचं बिल वाचून देत, कारण नुसतं पाकीट बघून तिला धाप लागायची. बेकरीत आदल्या दिवशी अर्धवट राहिलेला वाद पुढे चालू होई. बाजारात पोचल्यावर ते प्रत्येक टोपलीतल्या माशाचे कल्ले उघडून बघत, सगळ्यांच्या मालाला नावं ठेवत आणि रोजच्याच बाईकडून बांगडे घेत. तीही रोज विचारी, "गुरुजीनू, माशे घेतास की पेपर तपासतास?"

आमच्याकडे वाटेत भेटलेला माणूस नमस्कार घालत बसत नाही. तो विचारतो, "खंय चललास?" ह्या प्रश्नाला उत्तर असावं लागतं. फार लांब नको, 'बाजारात' एवढं पुरतं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो आजारी असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो.

माडांचा मालक बोटीवर नोकरीला होता. चौथीपर्यंत बाबांच्या वर्गात होता, चर्चच्या गायनात पुढे आणि पाढ्यांत मागे. मग जन्मभर जगाच्या निरनिराळ्या बंदरांतून नारळाच्या झाडांकडे बघून हळहळत राहिला आणि पाठीचं दुखणं घेऊन कायमचा परत आला. खारेपाटणपासून इन्सुलीपर्यंत हायवे रुंद झाल्यापासून पुण्या-कोल्हापूरची माणसं दुपारच्या जेवणाला आमच्याकडे पोचतात. त्यांच्यासाठी त्याने माडांखाली तीन खोल्या बांधल्या, पुढे पडवी काढली, पडवीत वेताच्या खुर्च्या मांडल्या. यात चूक काहीच नव्हती. पाठ गेलेल्या माणसाने पोट कसं भरावं?

एका संध्याकाळी तो आमच्याकडे आला. हातात बायकोने केलेला केक होता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि बराच वेळ बोटीवरच्या जेवणाबद्दल बोलला. मग म्हणाला, "गुरुजीनू, राग मानू नका. पावणे सकाळचे बाहेर खुर्चेर बसतत. समोरसून माणसां जातत, तां त्येंका बरां वाटणा नाय."

"माणसां म्हणजे मी?"

"तुमी, शिंपी, सगळीच." त्याने जमिनीकडे बघितलं. "तुमी लुंगयेर असतास."

बाबांनी आपल्या लुंगीकडे पाहिलं. स्वच्छ होती. "तुझी जागा, तुझो गडगो," ते म्हणाले. "केक बरो झालो हा."

तो गेल्यावर मी चिडले. वहिवाटीचा हक्क म्हणून काही असतं, मी अर्ज लिहून देते, निदान एक फूट जागा ठेव असं तरी सांगायचं होतं त्याला, असं बरंच काही बोलले. बाबा केकमधल्या मनुका वेगळ्या काढत होते. "शिकयलेल्या पोराकडे मागूचां नसता," एवढंच म्हणाले. आठ दिवसांत माझ्या डोक्याच्या वर गेलेला चिऱ्यांचा गडगा उभा राहिला. पायऱ्या होत्या त्या जागीही चिरेच बसले. उरलेली तीन-चतुर्थांश वाट गडग्यापलीकडे जशीच्या तशी होती, फक्त तिला आता आमच्या बाजूची सुरुवात नव्हती.

राहिला पुढचा रस्ता. शहराचा दर्जा मिळाल्यापासून तो दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो. जुन्यावरच नवा थर घालतात, त्यामुळे जीवनमान उंचावलं नाही तरी रस्ता उंचावतो. आमचं अंगण आता त्याच्या गुडघ्याशी आहे. चालणाऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना गटाराच्या फरश्या आहेत. त्यांतल्या काही नाहीत. बाबा पहिल्या दिवशी गेले आणि तासाभरात परत आले. दुसऱ्या दिवशी येताना एका मोठ्या गाडीचा आरसा पिशवीला लागला. बाबांना काही झालं नाही. पिशवी फाटली, बांगडे डांबरावर पडले, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवला. बाबांनी वाकून एकेक बांगडा उचलला. गाडीवाला खाली उतरला होता, चांगला माणूस होता, सॉरी म्हणत होता, पण रस्ता अडला म्हणून त्यालाही लोकांनी पिटाळलं. मला हे सगळं समोरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं. बाबांनी घरी येऊन सांगितलं ते इतकंच, "बांगड्यांका धूळ लागली."

त्यानंतर ते गेले नाहीत.

मासे घरी येऊ लागले. हल्ली ही सोय आहे. फोनवर निरोप टाकला की मोटारसायकलवरून डबा येतो; मासे साफ केलेले, डोकं काढलेलं, तुकडे केलेले. मुखपृष्ठ आणि प्रस्तावना फाडलेलं पुस्तक हातात दिल्यासारखं. बाबा डबा उघडून बघत आणि बंद करत. "काय मासो ह्यो?" मी सांगे. ते मान हलवत, म्हणजे मला नव्हे, माशाला सहानुभूती दाखवत. जेवणात अर्धा तुकडा राहू लागला.

माणूस खचतो तेव्हा एकदम खचत नाही, आणि घरातल्याला ते उशिरा कळतं. आधी ते एक दिवसाआड दाढी करू लागले. मग आठवड्यातून एकदा. पेपर येई, ते मांडीवर घेत, पण ज्याला ती बातमी सांगायची तो शिंपी गडग्याच्या अलीकडेच असूनही आता कुठल्या वाटेवर राहिला नव्हता, म्हणून पेपर दुपारपर्यंत पहिल्याच पानावर असे. मग दुपारी झोप. रात्री ती झोप येत नसे. पाय सुजले. गुडघा धरला. ज्या गुडघ्याने रोज चार वेळा गडग्याची पायरी चढली, तो आता न्हाणीघराच्या उंबऱ्याला तक्रार करू लागला. रक्त तपासलं तर साखर वाढलेली.

डॉक्टर तरुण आहेत आणि मनाने चांगले. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि खाली एका ओळीत लिहिलं, 'रोज अर्धा तास चालणे, मन रमवणे.' बाबांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि विचारलं, "ह्यां दुसरां खंयच्या मेडिकलात मिळता?" डॉक्टर मोकळेपणाने हसले. मलाही हसू आलं असतं, पण परत येताना रिक्षात बाबा बाहेर बघत म्हणाले, "म्हातारेचां बिल आता कोण वाचता, काय म्हायत."

म्हणून मी गेले. डांबरी रस्त्याने, वळसा घालून, जीव मुठीत धरून. बिल वाचून दाखवलं. म्हातारीने ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तू बरा वाचतंस गो. पण गुरुजी आकडो सांगच्या आधी वायच थांबतत."

ट्रॅक ह्याच सुमारास झाला. उद्घाटनानंतर आठवड्याने मी बाबांना तिथे नेलं. जागा खरंच चांगली होती. सपाट, कडेला बाकं, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं. बाबांनी चपला ठीक केल्या आणि चालू लागले. शंभरेक पावलांवर त्यांच्या वयाचे निवृत्त पोस्टमन बाकावर बसले होते. "खंय चललास, गुरुजीनू?" त्यांनी सवयीने विचारलं.

बाबा थांबले. इकडे-तिकडे पाहिलं. ट्रॅक पुढे वळून परत आमच्याकडेच येत होता. "खंय नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीला पोस्टमन तिथेच होते. "अजून पोचूक नाय?"

तिसरी फेरी झाली नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "जंयसून निघालंय थंयच इलंय. ह्येका चालणां म्हणनत नाय. घाण्याच्या बैलाचां काम ह्यां." मी सुचवलं की पिशवी हातात धरून चालावं, म्हणजे काही तरी काम असल्यासारखं वाटेल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की पुण्यातली माझी सगळी नोकरी फुकट गेली असं मला वाटलं. "रिकामी पिशवी घेवन गोल गोल फिरलंय तर लोक तुका फोन करतले."

मग मी नगरपंचायतीत गेले. कर्मचारी सभ्य होता, घरी मालवणी बोलणारा आणि कचेरीत पुस्तकी मराठी. त्याने शहराचा नकाशा टेबलावर पसरला. मी बोटाने आमचं घर, शिंप्याचं घर, माड दाखवले. "मॅडम, इथे अशी पायवाट रेकॉर्डला नाही," तो म्हणाला. मी म्हटलं की माझे आजोबाही तिच्यावरून चालत. "असतील. चालण्याची नोंद होत नाही." त्याच नकाशात आमच्या विहिरीवरून एक रुंद रस्ता आखलेला होता. तो कधी होणार, असं विचारल्यावर त्याने दिलासा दिला की होणार नाही. त्याला खरोखर मदत करायची होती. जाताना म्हणाला की ज्येष्ठांसाठी आता ट्रॅक झालाच आहे, वडिलांना तिथे पाठवत जा.

श्रावणात शेजाऱ्याचा गडगा पडला. सगळा नव्हे; जुन्या पायऱ्या होत्या नेमक्या तिथेच, दोन हात रुंदीचा. त्याने पुन्हा बांधून घेतला. पंधरा दिवसांनी पुन्हा तिथेच पडला. तिसऱ्यांदा बांधायला बोलावलेल्या गवंड्याने चिरे हातात न घेताच सांगितलं की ही देवचाराची वाट आहे, तो मधे आडवं काही ठेवत नाही.

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. हातात काठी, पायात जाड वहाणा, आणि ठरलेल्या वाटेने त्याची फेरी असते असं मानतात. त्या वाटेवर शहाणा माणूस घर बांधत नाही. ह्या बाबतीत आमच्याकडे हिंदू-ख्रिश्चन असा भेद नाही; भीती सगळ्यांची सारखी आहे. शेजारी सात समुद्र फिरलेला, पण त्याची झोप उडाली. बायकोने मेणबत्ती लावली, तरी खात्री म्हणून कुणा जाणत्याला विचारावं असं दोघांनी ठरवलं. गावात जाणते म्हणजे गुरुजी.

तो आला तेव्हा बाबा व्हरांड्यात होते आणि मी दारात. ह्या वेळी केक नव्हता. "गुरुजीनू," तो म्हणाला, "तुमी इतकी वर्षां थंयसून गेलास. खरां सांगा. त्येची वाट आसा काय थंय?"

मी पुस्तकांत वाढलेली बाई. देवचार नसतो हे मला शाळेत ज्यांनी शिकवलं ते समोरच बसले होते. तरी त्या क्षणी मी मनातून म्हणत होते, हो म्हणा. फक्त 'आसा' म्हणा. जी वाट नकाशाने दिली नाही, कायद्याने दिली नाही, ती एका शब्दावर मिळत होती. आणि तिच्यासोबत शिंपी, म्हातारी, बांगडे, झोप, गुडघा, सगळं. बाबांनाही हे कळलं होतं. मला ते दिसलं, कारण त्यांनी एकदा गडग्याच्या दिशेने बघितलं. मग चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि हातातच ठेवला.

"देवचार-बिवचार काय नाय रे," ते म्हणाले. "पाणी आसा. वयल्या अंगाचां सगळां पाणी थंयसून व्हाळयेक जाता. तू गडग्याक खाली भोक ठेवक नाय, म्हणान तो पडता. भोक ठेय. गप रवतलो."

शेजारी गेला. त्या संध्याकाळी मी भांडी नको तेवढी आपटली. 

आठवड्याने शिंपी उसवलेली उशी शिवून द्यायला आला आणि त्याने काय झालं ते सांगितलं. गडगा बांधून झाला होता. खाली पाण्यासाठी भोक होतं, गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे. आणि त्याच्या शेजारी जुन्या पायऱ्या परत बसवून त्यांच्यावर माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडलेली होती. कारण शेजाऱ्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, की गुरुजी 'नाय' म्हणाले खरं, पण चष्मा काढून म्हणाले. जाणता माणूस तो आहे असं तोंडाने म्हणत नाही. त्यांनी पाण्यावर घातलं, एवढ्यावरून आपण समजून घ्यायचं.

बाबांनी आयुष्यभर दिलेल्या सगळ्या स्पष्ट उत्तरांत हे सर्वांत स्पष्ट होतं, आणि त्याचा असा अर्थ लागला होता. मला आनंद लपवता येईना. मी कापडी पिशवी शोधून धुतली आणि खुंटीला लावली. बाबा जागचे हलले नाहीत.

"मी खरां सांगलंय, तेनी खोटां ऐकलां," ते म्हणाले. "त्या खोट्यातसून मी बाजारात जाव?"

मी वाद घातला. गडग्यातली जागा खरी आहे ना, तिला कारण कुठलं का असेना. ते म्हणाले की तसं असेल तर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं मुलांना फुकटच शिकवलं. पिशवी खुंटीला तशीच राहिली. ती तिथे असताना त्यांची आणखी एक रक्ततपासणी झाली आणि गोळी वाढली. घरापासून पन्नास पावलांवर वाट उघडी होती, आणि ज्या एका माणसाला तिची गरज होती तो सोडून तिच्यावरून जायला कुणाची हरकत नव्हती. पण कुणीच जात नव्हतं. शिंपीही नाही. मोकळ्या सोडलेल्या जागेतून जायला त्याचं धाडस होत नव्हतं. उंच गडगा नव्हता तेव्हा तो रोज तिथूनच जात असे.

पाऊस कमी झाल्यावर शेजारी पुन्हा आला. उभाच राहिला.

"गुरुजीनू, एक मागणां आसा." मग त्याने सांगितलं ते असं: वाट मोकळी ठेवल्यापासून बायको माडाखाली नारळ वेचायला जात नाही. गवंड्याने पाहुण्यांनाही सगळं रंगवून सांगितलं, त्यामुळे तेही आता पडवीत बसत नाहीत. वेताच्या खुर्च्या रिकाम्या. "पयली भीती वाटत नव्हती," तो म्हणाला. "माणसां जायत, तोय जाय. आता माणसां जाणत नाय. तो एकटोच जाता. कोण तरी माणूस थंयसून गेलो तर बरां. तुमी गेलास तर उपकार होतले."

निर्मनुष्य रस्त्याची भीती वाटते आणि वर्दळीच्या रस्त्याची वाटत नाही, ह्यावर माझ्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. मी ते कधी पूर्ण वाचलं नाही.

 शिकवलेल्या पोराकडे बाबांनी काही मागितलं नव्हतं. पोराने मागितलं तर नाही कसं म्हणायचं, हे बहुधा त्यांना शिकवलेलं नव्हतं. "किती दिवस जावचां?" त्यांनी विचारलं.

"आठ-धा दिवस बस झाले."

"आठ दिवसांत काय सिद्ध होणा नाय." बाबा सरळ बसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "देवचार नाय ह्यां दाखवचां तर प्रयोग रोज करूचो लागता. उन्हात वेगळो, पावसात वेगळो. एक दिवस चुकलो तर परत पयल्यापासून."

"मगे रोज करा."

"आणि लुंगयेर?"

शेजाऱ्याने पुन्हा जमिनीकडे बघितलं, पण ह्या वेळी वर पाहून बोलला. "लुंगयेरच या, गुरुजीनू."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली. दोनदा केली, कारण पहिल्यांदा कानाखाली राहिली होती. पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघाले. मी विहिरीपर्यंत गेले. पायरीशी ते थांबले, गडग्याला हात टेकला, एक पाय वर ठेवला, दम घेतला, मग दुसरा. पलीकडे दिसेनासे झाले. थोड्या वेळाने पडवीच्या बाजूने शेजाऱ्याचा आवाज आला, "खंय चललास?" आणि बाबांचा, जरा मोठ्याने, "बाजारात."

परतायला त्यांना तीन तास लागले. मी दोन वेळा विहिरीपर्यंत जाऊन आले. पिशवीत चार बांगडे होते, डोक्यासकट. मासेवालीने एवढे दिवस कुठे होता असं विचारलं नाही; कल्ले उघडू लागले तेव्हा फक्त म्हणाली की आज पेपर सोपा काढलाय. म्हातारीने एवढ्या महिन्यांची सगळी बिलं साठवून ठेवली होती. मी वाचलेलंही त्यात होतं.

आता त्या गोष्टीला सहा महिने होत आले. शेजाऱ्याची बायको नारळ वेचते. शिंपी पुन्हा तिथूनच जातो. पडवीतले पाहुणे सकाळी चहाचा कप घेऊन देवचाराच्या वाटेकडे तोंड करून बसतात आणि लुंगीतल्या गुरुजींना नमस्कार करतात. एका बाईंनी त्यांना बांगडे कसे निवडायचे ते विचारून घेतलं. प्रयोग एकही दिवस चुकलेला नाही. पायांची सूज उतरली. गुडघा कुरकुरतो पण चढतो. रात्री झोप लागते. पेपर नऊ वाजेपर्यंत शेवटच्या पानावर गेलेला असतो. जेवताना ताटात काटाच तेवढा राहतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि मनापासून कौतुक केलं. चेहऱ्यावर तेज आलं आहे म्हणाले, ट्रॅकचा असा उपयोग सगळ्यांनीच करायला हवा म्हणाले.   मला वाटत होतं, शहराचं आरोग्य, माणसाचं आरोग्य हे जे म्हणतात ते अखेर एवढंच असावं: सकाळी कुठे तरी जायचं असणं, आणि तिथे पोचेपर्यंत चार घरांत आपली वाट बघणारं कुणी असणं.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. साखर पहिल्यापेक्षा वाढली होती. चारही घरांत चहा देतात.